झेटा गंडमचे रूप बदलणारे मॉडेल: जोडणी आणि पारख

१९८५ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘मोबाइल सूट झेटा गंडम’ या मालिकेतील यंत्रमानव क्षणार्धात ‘वेव्हरायडर’ नावाचे विमान होतो. पाठीवरचे ‘फ्लाइंग आर्मर’ नावाचे चिलखत खालून पुढे येते, डोके धडात शिरते, पाय दुमडतात आणि हातातली ढाल विमानाचे नाक बनते. चित्रात हे सोपे असते, कारण तेथे भागांना जाडी नसते आणि सांधे झिजत नाहीत. कथेत १९.८५ मीटर उंच असलेला हा यंत्रमानव १/१४४ प्रमाणात जेमतेम १४ सेंटिमीटरचा उरतो, आणि एवढ्याशा आकारात हे सारे बसवताना कोठेतरी तडजोड करावीच लागते. ती कोठे केली आहे हे ओळखता आले, तर संच निवडणेही सोपे जाते आणि जोडणेही.

बांदाई या जपानी कंपनीच्या प्लास्टिक संचांपैकी एचजी, आरजी आणि एमजी या तीन मालिकांचे संच येथे घेतले आहेत. त्यांतला २०१७ चा १/१४४ प्रमाणातील एचजी संच विमान होताना काही भाग काढून त्यांच्या जागी दुसरे भाग लावायला सांगतो. याला ‘फसवे रूपांतर’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण या सवलतीमुळे यंत्रमानवाचे सांधे भक्कम राहतात आणि त्याला हवी तशी ढब देता येते. २०१२ चा आरजी संच त्याच प्रमाणात एकही भाग न काढता रूप बदलतो, आणि म्हणूनच तो तिघांत सर्वांत नाजूक आहे. १/१०० प्रमाणातील एमजी मालिकेत १९९६, २००५ आणि २०२३ अशा तीन आवृत्त्या आल्या. हाताला सराव नसेल तर एचजीपासून सुरुवात करावी. प्रत्यक्ष रूपांतराचीच हौस असेल तर मोठ्या आकाराचा एमजी घ्यावा.

या संचांना गोंद लागत नाही. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या रनरपासून तो एका फटक्यात न कापता आधी थोडे लांबून कापावा, मग उरलेला गेट (भागाला रनरशी जोडणारा छोटा तुकडा) निपरने, म्हणजे छोट्या कटरने, किंवा धारदार चाकूने पातळ करत आणावा आणि शेवटी ४०० पासून १००० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने घासावा. दिसणाऱ्या भागावर राहिलेला खुंट फक्त डोळ्याला खुपतो, पण दोन भाग एकमेकांवर सरकतात त्या पृष्ठभागावर राहिलेला खुंट पुढे रूपांतरच अडवतो. म्हणून आतल्या बाजूंना बाहेरच्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा. आरजीच्या सांगाड्याचे काही भाग रनरवरच हलत्या सांध्यांसह तयार येतात. ते पहिल्यांदा घट्ट असतात, तेव्हा चिलखत चढवण्यापूर्वी प्रत्येक सांधा हळूहळू, थोड्या थोड्या कोनातून मोकळा करावा.

सर्वांत महत्त्वाची पायरी अशी, की स्टिकर आणि रंग यांच्या आधी, नुसत्या प्लास्टिकवर एकदा पूर्ण रूपांतर करून पाहावे. कोणता कोपरा कशावर घासतो आणि कोणती खुंटी भोकात पूर्ण जात नाही, हे तेव्हाच कळते. घट्ट खुंटी किंचित घासावी. सैल खुंटीवर सुपर ग्लूचा अगदी पातळ थर द्यावा, ती वेगळी ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्यावी आणि मगच भोकात बसवावी. घाई केली तर सांधा कायमचा चिकटेल.

रंगाचा थर जाडी वाढवतो, हे विसरून चालत नाही. घासणारे पृष्ठभाग आणि खुंट्या मास्किंग टेपने झाकूनच रंग मारावा, आणि स्टिकर फटीवरून जात असेल तर तो फटीवर कापावा. पॅनेल लाइनसाठी, म्हणजे पृष्ठभागावरच्या खाचरेषा उठावदार करण्यासाठी, एनॅमल रंग वापरताना एबीएस प्लास्टिकपासून सावध राहावे: ताणाखाली असलेल्या एबीएसमध्ये एनॅमलचा थिनर झिरपला की तडे जातात, आणि ते बहुधा सांध्याजवळच जातात. कोणता भाग एबीएसचा आहे हे रनरच्या पट्टीवर कोरलेले असते. तेथे बारीक टोकाचे पेन पुरते. मॅट टॉपकोट (सर्वांत वर मारायचा बिनचमकीचा संरक्षक थर) मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात फवारू नये, कारण दमट हवेत त्यावर पांढुरके धुके धरते.

आता पारख. हलणाऱ्या भागांची संख्या मोजून संचाला गुण देण्याची पद्धत मला चुकीची वाटते. मी आधी कुलपे पाहतो: रूपांतराच्या शेवटी प्रत्येक भाग खुंटीत किंवा खाचेत ‘टक्’ करून अडकतो, की केवळ घर्षणावर तरंगत राहतो? विमान एका हाताने धडाला धरून तिरके करावे. पाय लोंबले किंवा ढाल झुकली तर कुलूप अपुरे आहे. यंत्रमानवाच्या रूपात त्याच्या हातात लांब बंदूक देऊन त्याला रात्रभर उभे ठेवावे आणि सकाळी हात किती उतरला ते पाहावे. त्यानंतर दोन्ही रूपांचे प्रमाण तपासावे: विमानाच्या पोटाखाली हातपाय उघडे दिसतात का, यंत्रमानवाची कंबर पंखांच्या भाराने मागे कलते का. वेव्हरायडर खालून पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत देऊ नये, कारण न मावलेले सगळे तेथेच दडवलेले असते.

शेवटची चाचणी दहा रूपांतरांनंतरची. पहिल्यांदा घट्ट बसलेल्या खुंट्या तेव्हाही बसतात का, आणि रंग कोठे उडाला, हे टिपून ठेवावे. आरजीच्या बाबतीत मात्र ही चाचणी मी सुचवणार नाही. तो दोन-तीनदा बदलून आवडत्या रूपात स्टँडवर ठेवलेला बरा.