हळदीचं दूध करताय? मिरी विसरू नका
साथ आली की घरोघरी हळद-दूध सुरू होतं, पण नुसती हळद टाकून ढवळलं तर तळाशी पिवळा गाळ बसतो आणि अंगाला फारसं काही लागत नाही, कारण हळदीतला मुख्य पिवळा घटक, कर्क्युमिन, पाण्यात नीट विरघळतच नाही. म्हणून अर्धा चमचा तुपात पाव चमचा हळद मंद आचेवर वास सुटेपर्यंत परता, ताजी कुटलेली मिरी चिमूटभर, मग दूध ओतून एक उकळी. मिरी खरंच महत्त्वाची, १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की तिच्यातल्या पायपरीन या तिखट घटकामुळे कर्क्युमिन शरीरात २० पट जास्त शोषलं जातं. लॅबमध्ये ते फ्लूचा व्हायरस रोखतं, पण ते काचेच्या डिशमध्ये, त्यामुळे ताप चढला तर डॉक्टरच गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोच.