स्टोअर नसलेल्या संगणकावर विनगेट बसवण्याचा माझा अनुभव

नागपुरात धरमपेठेतील आमच्या कार्यालयात विंडोज १० ची एलटीएससी २०२१ ही दीर्घकाळ फारशी न बदलणारी आवृत्ती वापरतात, आणि तिच्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअर मुळातच नसल्यामुळे विनगेट, म्हणजे आज्ञा देऊन सॉफ्टवेअर बसवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन, आयते मिळत नाही. गिटहबवरील विनगेटच्या अधिकृत पानावरून एमएसआयएक्सबंडल ही त्याची स्थापना-फाइल उतरवून मी पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत, ती बसवण्यासाठी ॲड-ॲपएक्सपॅकेज ही आज्ञा दिली, तेव्हा लाल अक्षरांत ०एक्स८००७३सीएफ३ ही त्रुटी आली.

फाइल खराब असेल असे वाटून मी ती दोनदा पुन्हा उतरवली. त्यात दुपार गेली. खरे कारण असे की विनगेटला व्हीसीलिब्जसारखी (मायक्रोसॉफ्टची सामायिक कोड-लायब्ररी) काही सहायक पॅकेजे आधी लागतात. स्टोअर ती स्वतःच आणून बसवते, पण येथे ते काम आपल्याला करावे लागते. त्याच पानावर त्यांची झिप फाइल असते. तिच्यातील एक्स६४ (६४-बिट संगणकांसाठीच्या) फोल्डरमधील पॅकेजे प्रथम बसवली, मग मूळ बंडल बसवले, आणि या वेळी आज्ञा निमूटपणे पूर्ण झाली. अनोळखी संकेतस्थळांवरून या फाइली घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

पॉवरशेलची नवी खिडकी उघडून विनगेटची आवृत्ती विचारली, क्रमांक उमटला, आणि लगेच त्याच्याच मदतीने सेव्हन-झिप हे फाइली आकुंचित करणारे सॉफ्टवेअर बसवून पाहिले.