डॅशबोर्डचे आकडे जुळत नाहीत? दुरुस्ती करताना या चुका टाळा

महिनाअखेरीला अकाउंट्सचा आकडा एक, डॅशबोर्डचा दुसरा, आणि मीटिंगचा अर्धा वेळ खरा कुठला यावरच जातो. मग कुणीतरी सिक्स सिग्मा नाहीतर पीडीसीए अशी गुणवत्ता सुधारण्याची पद्धत काढतं, भिंतीवर तक्ते लागतात आणि आकडे चुकायचे ते चुकतातच. दोष पद्धतींचा नाही, त्या लावल्या जातात भलत्या ठिकाणी.

सगळ्यात महागात पडते ती रिपोर्टमध्येच केलेली डागडुजी. मास्टरमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या मूळ यादीत, एकाच ग्राहकाची तीन नावं, म्हणून दर महिन्याला कुणीतरी एक्सेलमध्ये ती हाताने एकत्र करतं. तो माणूस रजेवर गेला की ग्राहक पुन्हा तीन. नोंद होते तिथेच अडवा. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) १५ अक्षरी असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅनची. नवा ग्राहक भरताना या दहा अक्षरांवर शोध लावला, तर मुंबई आणि पणजीची खाती एकाच कंपनीची आहेत हे भरणाऱ्यालाच दिसतं.

दुसरं, ‘का?’ विचारणं फार लवकर थांबतं. ३१ मार्चची विक्री बिलांशी जुळत नाही. का? १ एप्रिलच्या पहाटेच्या ऑर्डर तिच्यात आल्यात. का? सर्व्हर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचची ऑर्डर आदल्या तारखेत पडते. इथे तर आर्थिक वर्षच बदललं! बहुतेक जण क्वेरीत (डेटा काढण्याच्या आज्ञेत) साडेपाच तास मिळवून मोकळे होतात. पण अजून एकदा विचारा: प्रत्येक रिपोर्ट तारीख आपापली का काढतो? कारण सगळा डेटा साठतो त्या वेअरहाउसमध्ये भारतीय तारखेचा कॉलमच नाही. तो एकदा भरा, म्हणजे पुढचा रिपोर्ट पुन्हा तिथेच घसरणार नाही.

विक्री अचानक दुप्पट दिसली तर आधी जॉइन, म्हणजे बिलांचा आणि जमा पैशांचा असे दोन तक्ते जोडण्याची पायरी, बघा. एका बिलाचे पैसे दोन हप्त्यांत आले असतील तर बिलाची रक्कम दोनदा मोजली गेलेली असते. जॉइनच्या आधीची आणि नंतरची बेरीज ताडून पाहा.

आता अलर्ट. ‘दहा टक्के फरक पडला की मेल’ हा नियम दर रविवारी ओरडतो, आणि महिन्याभरात ते मेल कुणी उघडतही नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो नेहमीचा चढउतार आणि खरा बिघाड वेगळे ओळखता यावेत म्हणूनच. रोज रात्री डेटाच्या किती रो (ओळी) आल्या त्याचा चार्ट काढा, सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांची (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासूनच्या नेहमीच्या फरकाचं माप) मर्यादा आखा. रविवारचा चार्ट मात्र वेगळा ठेवा.

आणि तपासणी नापास झाली तरी डॅशबोर्ड रिफ्रेश होऊ देणं? टोयोटात दोष दिसला की कामगार दोरी ओढतो आणि वेळ पडल्यास लाइन थांबते. इथेही लोड, म्हणजे नवा डेटा भरणं, थांबवा, कालचेच आकडे राहू द्या, वर ठळक लिहा: ‘आकडे कालपर्यंतचे’. विक्री विभाग कुरकुरेल, कुरकुरू द्या. मेसेज मात्र ज्या विभागात नोंद होते तिथे जायला हवा. रिपोर्ट बनवणाऱ्या बीआय टीमला पाठवून काय उपयोग, ती नोंद त्यांच्या हातात नसतेच.