पायांपेक्षा बोटांची तयारी

यूकॉन आर्क्टिक अल्ट्रा या बर्फातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी नाव नोंदवलं तेव्हा मला वाटलं, प्रश्न पायांचा आहे. आधी तीन मॅरेथॉन झाल्या होत्या, कॅनडातल्या एडमंटनमध्ये चार हिवाळे काढले होते. शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. त्यात काय!

कॅनडाच्या यूकॉनमध्ये २००३ साली ही शर्यत सुरू झाली, ‘यूकॉन क्वेस्ट’ या कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीच्या वाटेवर. उणे ३० नेहमीचं, उणे ४० चं नवल नाही. झोपायची पिशवी, स्टोव्ह, इंधन, खाणं सगळं आपल्याच स्लेजवर. म्हणून मी कमरेच्या पट्ट्याला जुना टायर बांधून नदीकाठी ओढत फिरायचो. लोक थांबून विचारत, कुत्रा कुठाय?

पाय तयार झाले. बोटांचा विचार जानेवारीत सुचला, तोही परसात स्टोव्ह पेटवायला बसलो तेव्हा. जाड हातमोजे घालून काडी धरता येत नाही आणि काढले तर दोन मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. गॅसचा डबा घेऊ नका. ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्या, पण ते हातावर सांडू देऊ नका. उणे ३० ला ते गोठत नाही, कातडी मात्र गोठवतं. मी रोज रात्री जेवण झाल्यावर बाहेर जाऊन बर्फ वितळवायचो. बायको खिडकीतून बघून पडदा ओढून घ्यायची. पातळ हातमोजे आत, मोठे हातमोजे वर, आणि मोठे मोजे दोरीने गळ्यात. लहान मुलांसारखं दिसतं, दिसू दे.

घामाचंही तसंच. घाम आला की कपडा ओला, थांबलात की तोच कपडा तुम्हाला गोठवतो. गरम वाटायच्या आधीच एक थर काढायचा, वेग कमी करायचा. धावणाऱ्या माणसाला हे शिकायला सगळ्यात जड जातं.

खाण्यात आईचे शंकरपाळे जिंकले. चॉकलेट दगड होतं, तुपाचे लाडू त्याहून. शंकरपाळ्यांत ओल नसते, त्यामुळे ते उणे ३५ लाही दाताखाली मोडतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.

आता पैशांचं. विदर्भातल्या एका निवासी शाळेसाठी मला निधी उभा करायचा होता. हात पसरायला टायर ओढण्यापेक्षा जास्त लाज वाटली. शिवाय घोळ झाला: कॅनडातल्या सहकाऱ्यांचे पैसे भारतात ‘विदेशी अंशदान’ ठरतात, आणि पहिल्या संस्थेकडे त्याची नोंदणीच नव्हती. दोन महिने गेले. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं आधी विचारा. भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात मोजत नाहीत. कॅनडातल्या देणगीदाराला करसवलतीची पावती हवी असेल, तर पैसे तिथल्या नोंदणीकृत संस्थेकडेच गेले पाहिजेत. हे मागाहून सांगितलंत तर माणसं दुखावतात. पहिल्याच पत्रात मी लिहिलं: प्रवेश फी, विमान, सामान माझ्या खिशातून, शर्यत पूर्ण झाली नाही तरी पैसे शाळेलाच.

ते वाक्य लिहिलं हे बरं झालं. शर्यतीच्या दुसऱ्या पहाटे नाडी बांधायला मोठा हातमोजा काढला, वारा सुटला होता. उजवी तर्जनी पांढरी, मेणासारखी. चोळायची नसते, बर्फाने तर नाहीच. आणि परत गोठायची शक्यता असेल तर वाटेत वितळवायचीही नसते. मी ती तशीच हातमोज्यात झाकून पुढच्या चौकीपर्यंत चाललो आणि तिथेच नाव मागे घेतलं. देणगी एकानेही परत मागितली नाही.

बोट वाचलं. पण फ्रीजमधून दुधाची पिशवी काढताना थंडी आजही आधी त्यालाच कळते.