खारफुटी लावली, आता मोजायचं काय?

रोपं लावली, फोटो काढले की सगळे पांगतात. मी मोजणी लागवडीच्या आधीच सुरू करते: जमिनीची उंची, भरतीचं पाणी किती वेळ राहतं, चिखल किती खारा. जवळच्या जुन्या, धडधाकट खारफुटीतही हेच आकडे घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

फोटो दर खेपेला त्याच खुंटीपासून, त्याच दिशेला, ओहोटीलाच. मोजणीच्या चौकटी कायमच्या आखा. नाहीतर माणूस नकळत हिरव्या कोपऱ्यातच मोजत बसतो. जगलेली रोपं मोजाच, पण आपोआप उगवलेली वेगळी लिहा. माझ्या मते तोच आकडा जास्त बोलका.

मेलेलं रोप वाकून नीट बघा. खोडाला बार्नॅकलचे (खडकांना, होड्यांना चिकटून बसणारे छोटे कवचवाले जीव) पांढरे, खरखरीत थर चढून ते आडवं झालंय? बहुधा जागा खोलगट आहे, पाणी जास्त वेळ राहतंय. शेंडा कुरतडलाय तर खेकडे किंवा गुरं. मुळं उघडी पडलीत तर लाटांनी गाळ नेलाय. तिन्हींवर इलाज वेगळा, आणि ‘पुन्हा रोपं लावा’ हा सहसा त्यात नसतो. पाणी तुंबत असेल तर आधी बुजलेला चर मोकळा करा.

कधी हात घालायचा ते सुरुवातीलाच लिहून ठेवा; समजा, अर्धी रोपं गेली की लागवड थांबवून कारण शोधायचं. बदल एका तुकड्यात करा, शेजारचा तसाच राहू द्या. आणि निदान पाच वर्षांच्या मोजणीचा खर्च निधीच्या पहिल्याच अर्जात धरा, नंतर कुणी देत नाही.