पूर ‘पाइपलाइनमध्ये’ नसतो: होऊ घातलेल्या गोष्टी इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीकरांचं एक लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर असतं. पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकत होतं, तेव्हा माझ्या इंग्रजीच्या वर्गात एकाने लिहिलं, ‘फ्लड इज इन द पाइपलाइन.’ व्याकरणात खोट नाही, पण पाइपलाइनमध्ये असतं ते माणसांनी हाती घेतलेलं काम: नवा पूल, कारखान्याचा इथेनॉल प्रकल्प. पूर कुणी मंजूर करून आणत नाही. त्याला ‘इमिनंट’ म्हणा, म्हणजे अगदी येऊ घातलेला. घाईत ‘एमिनंट’ मात्र लिहू नका, त्याचा अर्थ नामवंत. (२०१९ नंतर आपला पूर तसाही नामवंत झालाय, ते सोडा.)

सगळ्यात जास्त घोळ ‘अबाउट टू’चा. मराठीतलं ‘जाणार आहे’ आज संध्याकाळलाही चालतं आणि पुढच्या वर्षालाही. म्हणून पोरं सर्रास म्हणतात, ‘आय ॲम अबाउट टू गो टू पुणे नेक्स्ट मंथ.’ अहो, ‘अबाउट टू’ म्हणजे चपला पायात घातल्यात! पुढच्या महिन्यासाठी ‘गोइंग टू’ पुरे. यातच ‘नॉट’ घुसलं की अर्थ पार फिरतो. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला मेल आला, ‘वी आर नॉट अबाउट टू रेज अवर ऑफर.’ त्याला वाटलं, इतक्यात नाही, पण वाढवतील, थांबू. खरा अर्थ होता, भाव वाढवून देणारच नाही.

आपला उंबरठा यशालाही चालतो आणि दिवाळखोरीलाही. ‘व्हर्ज’चंही तसंच. ‘ब्रिंक’ म्हणजे मात्र कड्याची कड, तिथे बहुतेक वेळा संकटच उभं असतं. आणि ‘ऑन द व्हर्ज टू क्राय’ नव्हे, ‘ऑन द व्हर्ज ऑफ क्रायिंग’.

दिवाळी तोंडावर आली की ‘अराउंड द कॉर्नर’ म्हणा. ‘ऑन द माउथ’ मी वहीत वाचलंय.

‘इन द ऑफिंग’ हा पेपरवाल्यांचा लाडका. किनाऱ्यावरून दिसणारा लांबचा समुद्र म्हणजे ऑफिंग. तिथे शीड दिसलं की जहाज येणार हे कळायचं. मंत्रिमंडळातल्या फेरबदलाला तो शोभतो. मिरजेच्या सिटी बसला नाही, कितीही वेळ लावला तरी.