जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा धातू उजळताना: काय घासायचं, काय सोडायचं

सांगलीत माळ्यावरून खाली आलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर गंजाचे ठिपके हमखास असतात. घर नदीकाठचं असेल तर ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा गाळही असतो. हा गाळ कोरड्या फडक्याने पुसायचा नाही. त्यात बारीक वाळू असते आणि ती ओरखडे पाडते. सुटे केलेले भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा. पाण्यात बुडालेली मोटर मात्र वायरिंग तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका.

आधी प्लग काढा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मॅट, बेल्ट, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) या क्रमाने उतरवा. हेडशेल (आर्मच्या टोकाचा भाग) कार्ट्रिजसकट, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्यासकट, डबीत घालून दुसऱ्या खोलीत ठेवा. स्टील वूल तर या कामाला आणूच नका. त्याचे केसासारखे तुकडे कार्ट्रिजमधल्या चुंबकाला चिकटले की सहसा निघत नाहीत.

आता धातू ओळखायचा. चुंबक चिकटलं तर पोलाद, बहुधा वर क्रोम किंवा निकेल. चिकटलं नाही आणि भाग हलका असेल तर ॲल्युमिनियम, वजनदार असेल तर मॅझॅक (जस्ताचा मिश्रधातू) किंवा पितळ. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोकं पृष्ठभागावर हलकेच टेकवा. ॲल्युमिनियमवर आवाज आला नाही, तर वर ॲनोडायझिंग (विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर) किंवा लॅकर (पारदर्शक वार्निश) आहे. ॲनोडाइज्ड भागाला साबणपाणी पुरे. पॉलिशने तो थर उतरतो आणि घरी परत चढवता येत नाही. चिंच किंवा पितांबरी फक्त उघड्या पितळेला. मॅझॅकला आंबट लागलं की तो काळवंडतो, आणि ॲल्युमिनियमवर धुण्याच्या सोड्याचं पाणीही नको.

क्रोमवरच्या गंजाला घरातला ॲल्युमिनियम फॉइल उत्तम. बोळा करून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे गंज निघतो, चरे पडत नाहीत. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) लावलात तर पातळ क्रोम जाऊन खालचं पिवळसर निकेल दिसू लागतं. पोपडे सुटलेले असतील तर भाग प्लेटिंगवाल्याकडेच द्या. तो मॅझॅकचा असेल तर देतानाच सांगा, नाहीतर ॲसिडच्या टाकीत त्याला खड्डे पडतात.

खरी मेहनत ॲल्युमिनियमच्या प्लॅटरवर. कडेला स्ट्रोबचे (वेग तपासायचे) ठिपके असतील तर त्यांवर मास्किंग टेप लावा. खोल चरे असतील तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात, नुसताच मळकट असेल तर १००० पासून. ४०० नंतर ६००, ८००, १२००, २०००, आणि १००० नंतर १२००, २००० अशी चढण, कायम पाणी लावून आणि गोलाकारच, कारण लेथच्या मूळ रेषा गोलच असतात. आधीच्या पेपरचे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. शेवटी ते नेमके चमकीत उठून दिसतात. घाई करणारे प्लॅटर मोटरवर फिरवून पेपर धरतात. मग सगळी पूड बेअरिंगमध्ये जाते. २००० नंतर मेटल पॉलिश सुती कापडाने लावा. फडकं काळं होणारच, ते ॲल्युमिनियमच आहे. प्लॅटरच्या खालच्या बाजूला अर्धवट पाडलेली भोकं दिसली तर भरू नका, ती तोल साधण्यासाठी असतात.

मोटरची पुली, बेअरिंगचा दांडा आणि तो जिथे बसतो ते भोक या तिघांना पॉलिश लावायचंच नाही. १० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा व्यास ०.१ मिलिमीटरने घटला, तरी वेग साधारण १ टक्क्याने उतरतो. पुली स्पिरिटने नुसती पुसा.

लॅकर मारायचंच असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. दमट हवेत ते दुधट होतं. २५-३० सेंटिमीटरवरून दोन-तीन पातळ हात द्या. गाडीचं वॅक्स त्याहून सोपं, फक्त अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. अर्थिंगच्या स्क्रूखाली लॅकर गेलं तर स्पीकरमधून घूं ऐकू येते. तेवढी जागा ६०० च्या पेपरने उघडी करा आणि स्क्रू पुन्हा घट्ट बसवा.